टू किल अ मॉकिंगबर्ड : खेळ पोरांचे, आळ भलत्यांवर

ओवी_वाचते

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चा विषय निघाला की गाडी सरळ कोर्टात जाऊन थांबते. ॲटिकस फिंच, टॉम रॉबिन्सनचा निकामी डावा हात, उलटतपासणी, निकाल. त्यात चूक काही नाही. पण आमच्या वाचनगटात मध्यंतरी हे पुस्तक घेतलं होतं आणि बऱ्याच जणांचं मत पडलं की सुरुवातीची शंभरेक पानं नुसता पोरखेळ आहे, खटला सुरू होईपर्यंत कळ काढावी लागते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. खटल्यात जे होतं त्याची रंगीत तालीम त्या पोरखेळात होऊन गेलेली असते. तेव्हा कोणी मरत नाही, म्हणून आपण हसून पान उलटतो.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात (रहस्यभेद आहे, पण पुस्तक १९६० चं आहे, आता काय लपवायचं). अलाबामातलं मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव, १९३३ चा उन्हाळा, मंदीचे दिवस. स्काउट सहा पूर्ण व्हायची आहे, भाऊ जेम दहाला टेकलेला, आणि सुट्टीपुरता मावशीकडे आलेला डिल. स्काउट-जेमचे वडील ॲटिकस वकील. मेएला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर येतो आणि त्याचा बचाव ते करतात. शेजारी रॅडलींचं घर. त्यातला धाकटा मुलगा आर्थर, पोरांच्या तोंडी ‘बू’, कित्येक वर्षांत कोणाला दिसलेला नाही. मग काय विचारता! जेमच्या म्हणण्याप्रमाणे बू साडेसहा फूट उंच आहे, खारी आणि मांजरी कच्च्या खातो, म्हणून त्याचे हात कायम रक्ताळलेले असतात. रॅडलींच्या झाडाचे पेकान (अक्रोडासारखी फळं) शाळेच्या आवारात पडतात, पण एक पोर उचलत नाही, खाल्लं की मेलात. डिल तर ‘ड्रॅक्युला’ सिनेमा बघून आलेला, त्याच्या डोक्याला खाद्यच मिळतं.

आता सहाव्या प्रकरणातली रात्र घ्या. तिघं पोरं रॅडलींच्या घरात डोकवायला मागच्या बाजूने शिरतात. नेथन रॅडली, म्हणजे बूचा मोठा भाऊ, अंधारात बंदुकीचा बार काढतो. पोरं पळतात, जेमची विजार तारेत अडकते, ती तिथेच सोडून तो सुटतो. रस्त्यावर शेजारीपाजारी जमतात, आणि तोवर गावाला उत्तर मिळालेलंही असतं : रॅडलींच्या भाजीच्या वाफ्यात कोणी काळा माणूस शिरला होता, मिस्टर रॅडलींनी त्याच्यावर गोळी झाडली. माणूस कोणी पाहिलेला नाही. शिरली होती वकिलाची गोरी पोरं. तरीही कोणाला क्षणभर शंका येत नाही. सगळा विनोद जेमच्या विजारीवर जातो (पत्त्यांत मी ती जिंकली, अशी थाप डिल मारतो) आणि तो काळा माणूस, जो कधी नव्हताच, गोष्टीतून नाहीसा होतो.

हे मी एकदाच झालेलं धरलं असतं. पण सत्ताविसाव्या प्रकरणात बार्बर बहिणींचा किस्सा आहे. टुटी आणि फ्रुटी या दोन म्हाताऱ्या, बहिऱ्या, अविवाहित बहिणी. हॅलोवीनच्या रात्री पोरांनी त्यांच्या दिवाणखान्यातलं सगळं सामान गुपचूप तळघरात नेऊन ठेवलं. सकाळी मिस टुटीची खात्री झाली की दोन दिवसांपूर्वी गावातून गेलेल्या फिरस्त्या फर विकणाऱ्यांचंच हे काम. काळेसावळे होते, सिरियन होते, एवढा पुरावा तिला पुरेसा. शेरीफ शिकारी कुत्री मागवतो, कुत्री घराला वळसा घालून तळघराच्या दारासमोर जाऊन भुंकत बसतात, आणि दुपारपर्यंत गावात एक पोर अनवाणी दिसेना!

म्हणजे पुस्तकात दोनदा गोऱ्या पोरांच्या उचापतीचा आळ सावळ्या परक्यावर जातो, आणि तिसऱ्यांदा गोऱ्या घरातल्या गुन्ह्याचा आळ टॉमवर. पहिल्या दोन वेळी विनोद, तिसऱ्या वेळी मृत्युदंड. गावाची विचार करायची पद्धत तिन्ही वेळा तीच.

पोरंही बूबद्दल तेच करतात की, असं कोणी म्हणेल. न पाहिलेल्या माणसावर वाट्टेल ते रचतात. पण पुढे बघा. ओकच्या ढोलीत च्युइंगगम सापडतं, मग जुनी नाणी, सुतळीचा गुंडा, साबणात कोरलेल्या दोन बाहुल्या, हुबेहूब जेम आणि स्काउट. विजार आणायला जेम रात्री परत जातो तर ती घडी घालून कुंपणावर ठेवलेली, फाटलेल्या जागी वाकडेतिकडे टाके घातलेले. अशी एकेक वस्तू हाती येते तसा पोरांच्या मनातला बू बदलत जातो. गावासमोर मात्र भर कोर्टात टॉमचा लुळा हात धरला तरी गावाची गोष्ट तसूभर हलत नाही. पोरांची गोष्ट खोटी ठरली तर त्यांचं काही जात नाही. गावाचं बरंच काही जातं.

बोला.

कट्ट्यावरचा_बंडू

तूर्तास रुमाल टाकतो, सावकाश लिहीन.
बार्बर भगिनी साफ विसरलो होतो. ती पोरं अनवाणी होती म्हणून कुत्र्यांना वास लागला, आणि कुत्री गावाबाहेर जाईपर्यंत सगळ्यांनी बूट चढवले, हे वाचून मी लोकलमध्ये एकटाच हसलो होतो. आता हसल्याची लाज वाटायची वेळ आणलीत.

वकीलसाहेब

चांगला धागा. सिरियनांचा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता.

कायद्याच्या अंगाने भर घालतो. खटला कादंबरीत १९३५ च्या उन्हाळ्यात चालतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात शिक्षा रद्द केली होती, कारण ज्युरीच्या यादीतून काळ्या नागरिकांना पद्धतशीरपणे वगळलं जात होतं. अलाबामाच्या वकिलांनी यादीची नोंदवही दाखवली, तर काळ्या माणसांची नावं मागाहून घुसडलेली. न्यायमूर्तींनी ती पानं भिंगातून पाहिली. तरी प्रत्यक्षात जिल्हा कोर्टांत फरक पडायला कित्येक वर्षं गेली. मेकॉम्बची ज्युरी म्हणूनच सगळी गोऱ्या शेतकऱ्यांची आहे. स्त्रिया तर नाहीतच, अलाबामात त्यांना ज्युरीत बसायला १९६६ उजाडलं.

आणि पुरावा किती साधा! मेएलाला मार लागलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनात सापडून निकामी झालेला. तिचा बाप बॉब युएल कोर्टात सही करतो ती डाव्या हाताने. डॉक्टरला कोणी बोलावलेलंच नाही. माझ्या उमेदीत असा बचाव हाती आला असता तर मी रात्री निवांत झोपलो असतो. पण टॉमचं खरं नुकसान वेगळ्याच वाक्याने होतं. तो म्हणतो, मला तिची कणव आली. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची कणव? सरकारी वकील तेवढंच वाक्य उचलून धरतो. हाताच्या पुराव्याला त्याच्याकडे उत्तर नसतं आणि त्याची त्याला गरजही पडत नाही.

चष्मिष

वकीलकाकांना शाबासकीचा मोदक. मेएलाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

मला वाटतं पुस्तकातली कल्पनाशक्तीची सगळ्यांत मोठी झेप स्काउट रॅडलींच्या पायरीवर नव्हे, कोर्टातल्या बाल्कनीत घेते. मेएलाची साक्ष ऐकून टॉमच्या साक्षीच्या वेळी तिच्या मनात येतं की ही जगातली सगळ्यांत एकटी व्यक्ती असणार, बूपेक्षाही एकटी. गोरे तिला जवळ करत नाहीत कारण ती डुकरांमध्ये राहते, काळे करत नाहीत कारण ती गोरी आहे. आठेक वर्षांची पोर हे जोडते! ॲटिकस तिला ‘मिस मेएला’ म्हणतो तर तिला वाटतं हा आपली टिंगल करतोय, कारण आयुष्यात कोणी तिच्याशी आदराने बोललेलंच नाही.

आणि ती निकेलची नाणी. धाकट्या सात भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवायचं, म्हणजे घरी कोणी नसेल, म्हणून तिने वर्षभर एकेक पाच सेंटचं नाणं साठवलंय. सात नाणी, एक वर्ष. एका माणसाशी बोलता यावं म्हणून. पुढे ती जे करते ते अक्षम्य आहेच. पण ही नाणी डोक्यातून जात नाहीत.

डिलचंही तसंच. तो बापाबद्दल नवनव्या थापा मारतो. थापाड्या म्हणून आपण हसतो, आणि मग तो घरातून पळून स्काउटच्या पलंगाखाली सापडतो तेव्हा कळतं की घरी त्याला कशाची कमी नाही, फक्त तो असला-नसला तरी कोणाला फरक पडत नाही. त्या रात्री स्काउट त्याला विचारते, बू का पळून गेला नसेल? डिलचं उत्तर असं की पळून जायला त्याला कदाचित जागाच नसेल. बूबद्दलचं सगळ्यांत खरं वाक्य त्या थापाड्याच्या तोंडी आहे.

(अवांतर : डिल म्हणजे लहानपणीचा लेखक ट्रुमन कपोटी. तो ली यांच्या गावी, अलाबामातल्या मनरोव्हिलमध्ये, त्यांचा शेजारी होता.)

निम्मा_शिम्मा

सगळ्यांनी एकमेकांना मोदक वाटून झाले असतील तर थोडं मीठ टाकतो. हलके घ्या.

ओवीताई, तुमचा आळाचा मुद्दा मान्य. पण पोरांची गोष्ट पुराव्याने बदलते, हे कोणाच्या बाबतीत? बूच्या. बू गोरा आहे. चांगल्या घरातला आहे. त्याला ढोलीतल्या भेटी आहेत, टाके आहेत, शेवटी हात धरून घरी पोचवणं आहे. स्काउट त्याच्या ओसरीवर उभी राहून सगळं गाव त्याच्या नजरेने पाहते. टॉमच्या ओसरीवर ती कधी उभी राहते? टॉम मेल्याची बातमी सांगायला ॲटिकस आणि त्यांच्या घरची काळी स्वयंपाकीण कॅल्पर्निया त्याच्या घरी जातात तेव्हा जेम आणि डिल गाडीत असतात, स्काउट नसते. टॉमची बायको हेलन अंगणात कोसळते ते आपल्याला डिलने सांगितलं म्हणून कळतं : जणू एखादा राक्षस आला आणि मोठ्या पायाने तिला चिरडून गेला. आपल्यापर्यंत पोचतो तो डिलचा राक्षस. हेलनच्या तोंडचं, या बसा, एवढं एक वाक्य पोचतं. तिच्या दुःखाचा शब्द एकही पोचत नाही.

शिवाय पोरांची शेजारीण, तुमची लाडकी मिस मॉडी. पाचव्या प्रकरणात स्काउट तिला विचारते, बूबद्दल लोक बोलतात ते खरं का? बाई म्हणतात, त्यातलं तीन चतुर्थांश काळ्या लोकांचं आणि एक चतुर्थांश शेजारच्या स्टेफनी क्रॉफर्डचं. जी बाई गावातली सगळ्यांत समंजस गोरी बाई, ती अफवांचं खापर सहज कोणावर फोडते ते बघा. वर आपल्याला ते गोड वाटतं, कारण पुढच्या वाक्यात ती स्टेफनीची फिरकी घेते. तुमच्या यादीत हा चौथा आळ घाला. आणि हा घेणारी लेखिकेची लाडकी आहे, त्यामुळे लेखिकेने मुद्दाम घेतलाय की नकळत आलाय हे मला ठरवता येत नाही.

कॅल्पर्निया बघा. एवढी वर्षं घरात आहे, तिला मुलगा आहे, तिचं वय, तिचा वाढदिवस, सगळं स्काउटला कळतं ते तिच्या चर्चमध्ये एका रविवारी गेल्यावर. त्याआधी ही चौकस पोर बू रात्री काय खातो याचा विचार करत होती, कॅल रात्री कुठे जाते याचा नाही.

कट्ट्यावरचा_बंडू

निम्मा, शेवटचं वाक्य लागलं रे.

मृदगंधा_ह

आम्ही बरीच वर्षं हंट्सव्हिलला आहोत, म्हणजे अलाबामाच्या उत्तर टोकाला. इथून डिकेटर अर्ध्यापाऊण तासावर, स्कॉट्सबरोही तसंच. पुस्तक भारतात असताना वाचलं होतं, इथे आल्यावर पुन्हा वाचलं आणि वेगळंच वाटलं.

मार्च १९३१ मध्ये मालगाडीतून फुकट जाणाऱ्या नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या मुलींनी बलात्काराचा आरोप केला. त्या मुली आमच्या हंट्सव्हिलच्या, कापडगिरणीत काम करणाऱ्या. स्कॉट्सबरोच्या कोर्टात पंधरवड्याच्या आत आठ जणांना मृत्युदंड सुनावला. मग १९३३ च्या एप्रिलमध्ये डिकेटरला फेरसुनावणी झाली तेव्हा दोघींपैकी एक, रूबी बेट्स, स्वतः बचावपक्षाकडून उभी राहिली आणि म्हणाली, असं काही घडलंच नव्हतं. ज्युरीने तरीही दोषीच ठरवलं. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी जूनमध्ये तो निकाल बाजूला ठेवला, आणि पुढची निवडणूक ते हरले. ओवी म्हणते ना, की गावाची गोष्ट पुराव्याने हलत नाही? इथे तर आरोप करणारीच आरोप मागे घेत होती. वकीलकाकांनी लिहिलेला ‘नॉरिस’ हा त्याच नऊंपैकी एक. शेवटच्या तिघांना मरणोत्तर माफी मिळाली ती २०१३ मध्ये.

आणि स्काउटची गोष्ट सुरू होते १९३३ च्याच उन्हाळ्यात. राज्यभर हाच विषय असणार, आणि ही तिघं बूला घराबाहेर काढायचे बेत रचतायत!

मनरोव्हिलला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे. वसंतात तिथे स्थानिक हौशी मंडळी पुस्तकावरचं नाटक करतात, पहिला अंक बाहेर हिरवळीवर, खटल्याचा अंक आत खऱ्या कोर्टरूममध्ये. प्रेक्षकांतूनच ज्युरी निवडतात. ज्युरीत बसलेले प्रेक्षक सगळ्या साक्षी ऐकलेले, टॉम निर्दोष आहे हे जाणणारे, आणि तरी संहितेप्रमाणे त्यांना दोषी म्हणून परतावं लागतं. माझ्या शेजारच्या आजोबांना निवडलं होतं. नाटक संपल्यावर परत आले तेव्हा बायकोशी एक अक्षर बोलले नाहीत.

ली यांचे वडीलही वकील होते. १९१९ मध्ये त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोन काळ्या माणसांचं वकीलपत्र घेतलं. दोघांनाही फाशी झाली. त्यानंतर त्यांनी फौजदारी खटला घेतला नाही म्हणतात.

पालावरची_शाळा

धाग्यावर नुसतीच वाचत होते, पण ते सिरियन फर-विक्रेते वाचून राहवलं नाही.

मी मराठवाड्यात पारधी वस्तीवर मुलांना शिकवते. गावात कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालावर येते. टुटीबाईंचंच लॉजिक : दोन दिवसांपूर्वी दिसले होते, फिरस्ते आहेत, झालं. आपल्याकडे तर त्याला १८७१ पासून कायद्याचाच आधार होता. काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये गेला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती ती याच कायद्याखाली. कायदा गेला, नजर गेली नाही.

निम्मा यांनी विचारलं की टॉमच्या ओसरीवर कोण उभं राहतं. मराठीत उभे राहिलेत लोक. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) घ्या. तिथे पोलीस रात्री घरात शिरतात आणि बायामाणसांना मारतात ते घरातल्याच पोराच्या नजरेने दिसतं. मी दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली आणि मला सगळ्यांत जाणवलं ते हे की स्काउटकडे बू रचायला वेळ आहे. भीतीचा खेळ करायला आधी सुरक्षित असावं लागतं. आमच्या पालावरची पोरं चोर-पोलीस खेळतात तेव्हा पोलीस व्हायला कोणी तयार नसतं, आणि जो होतो तो इतक्या जोरात मारतो की मला मध्ये पडावं लागतं.

चष्मिष

हे वाचून गप्प झाले.

ओवी_वाचते

पालावरची_शाळा, तुम्ही वेगळा धागा काढाच, हात जोडून विनंती.

निम्मा, मिस मॉडीचा चौथा आळ मी यादीत घेतला. माझ्या मते लेखिकेने तो मुद्दाम घेतलाय. पहिल्याच प्रकरणात आहे की रात्री रॅडलींच्या घरावरून काळा माणूस जायचा नाही, समोरच्या फुटपाथवर जाऊन शीळ घालत पुढे निघायचा. म्हणजे बूची भीती काळ्या वस्तीतही होती, मॉडीबाई अगदीच हवेतून बोलत नाहीत. पण मोजमाप करताना शेजारणीला एक चतुर्थांश आणि दुसऱ्यांना तीन, हा हिशोब गावाचा आहे. मिशनरी मंडळाच्या चहाचं प्रकरण लिहिणारी बाई हे नकळत लिहील असं मला पटत नाही. तिथे मिसेस मेरीवेदर आफ्रिकेतल्या म्रुना लोकांसाठी डोळ्यांत पाणी आणतात आणि लगेच स्वतःच्या मोलकरणीची कुरबुर करतात, ती निकालानंतर तोंड पाडून काम करते म्हणून. मिस गेट्स वर्गात हिटलरला शिव्या घालतात आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर मात्र ‘यांना’ धडा शिकवायला हवाच होता म्हणतात. हे स्काउटने कानांनी ऐकलंय आणि तिला कोडं सुटत नाही. लहान मुलीला निवेदक केल्याचा फायदा हाच, तिला विसंगती दिसते पण ती गिळायची सवय अजून लागलेली नसते.

हेलनबद्दल मात्र तुमच्याशी भांडण नाही. तिला आवाज द्यायला हवा होता. डिलचा राक्षस कितीही प्रभावी असला तरी तो डिलचा आहे.

एक राहिलंच. त्या बार्बर बहिणींमुळेच पुढच्या वर्षी गावातल्या बायका ठरवतात की हॅलोवीनला पोरांना मोकळं सोडायचं नाही, शाळेत कार्यक्रम ठेवायचा. म्हणून स्काउट डुकराच्या मांडीच्या वेषात रात्री घरी परतत असते आणि म्हणून बॉब युएलला पोरांवर हल्ला करायची संधी मिळते. सिरियनांवरच्या त्या फुटकळ आळाच्या प्रकरणातूनच शेवटचा हल्ला निघतो. इतकं बेमालूम विणलंय की वाचताना कळत नाही.

कट्ट्यावरचा_बंडू

बरं, २०१५ मध्ये आलेल्या ली यांच्याच ‘गो सेट अ वॉचमन’ या कादंबरीचं काय? त्यात ॲटिकस वंशभेदवाल्यांच्या बैठकांना जातो म्हणे.

वकीलसाहेब

जातो. ते हस्तलिखित आधीचं, ‘मॉकिंगबर्ड’ त्यातून संपादिकेच्या आग्रहाने घडलं. लोकांना धक्का बसला, मला फारसा नाही. निम्मं आयुष्य मी असे वकील पाहिलेत, अशिलासाठी जीव तोडून भांडणारे आणि संध्याकाळी क्लबात वेगळेच बोलणारे.

निम्मा_शिम्मा

ओवीताई, मिशनरी चहावर शरण. मॉडीबाईंवर नाही. :)

सईची_आई

उशिरा आले. लेक सातवीत आहे, मराठी माध्यम, पण इंग्रजी बरं वाचते. तिला हे देऊ का? आधी सिनेमा दाखवावा का?

ओवी_वाचते

द्या, पण सोबत वाचा. काळ्या लोकांसाठीची शिवी पानोपानी येते आणि त्यावर बोलावं लागतं. अमेरिकेतही २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या शाळांनी हे आठवीच्या अभ्यासातून काढलं होतं, भाषेने लोक अस्वस्थ होतात म्हणून. पहिलं प्रकरण जड जाईल, त्यातली घराण्याची वंशावळ खुशाल गाळा आणि डिल येतो तिथून सुरू करा.

सिनेमा नंतर. ग्रेगरी पेक उत्तमच आहे, आणि बूच्या भूमिकेतला रॉबर्ट डुव्हॉल (त्याचा पहिलाच सिनेमा) तोंडातून शब्द न काढता कमाल करतो. पण त्यात अलेक्झांड्रा आत्या नाही, चहा नाही, बार्बर बहिणी नाहीत. तळघरातलं फर्निचर नाही म्हणजे सिरियनही नाहीत.